प्रकल्पग्रस्त ते हितसंबंधी : कार्बन व्यापार, हवामान न्याय आणि महाराष्ट्राचा अनुभव

प्रस्तावना

नागपूरच्या दक्षिणेस सुमारे तीस किलोमीटर अंतरावर बुटीबोरीची औद्योगिक वसाहत आहे. या वसाहतीत ६०० मेगावॅट क्षमतेचा कोळशावर चालणारा एक वीजप्रकल्प उभा राहिला. विदर्भ इंडस्ट्रीज पॉवर लिमिटेड या कंपनीच्या या प्रकल्पातील ३०० मेगावॅटचा पहिला संच २०१३ मध्ये आणि तेवढ्याच क्षमतेचा दुसरा संच २०१४ मध्ये कार्यान्वित झाला. त्याची वीज मुंबईच्या उपनगरांतील ग्राहकांना पुरविण्याचा करार होता. जानेवारी २०१९ पासून प्रकल्प बंद पडला, कर्जाचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि दिवाळखोरीच्या प्रक्रियेतून २०२५ मध्ये तो अदानी पॉवर या कंपनीकडे गेला. या सर्व घडामोडींत धनको बँका, भागधारक, वीज नियामक आयोग आणि वीज खरेदीदार यांची बाजू कोठे ना कोठे नोंदली गेली. प्रकल्पाच्या परिसरात राहणाऱ्यांसाठी मात्र अशी जागा या प्रक्रियेत नव्हती.

हे केवळ एका प्रकल्पापुरते खरे नाही. गेल्या पाव शतकात हवामानबदलावरील उपाय म्हणून जी कार्बन व्यापाराची व्यवस्था उभी राहिली, तिची रचनाही अशीच आहे. वातावरणात किती टन वायू गेला किंवा जाण्यापासून वाचला, याचा हिशेब ती काटेकोरपणे ठेवू पाहते. ते टन कोणाच्या जमिनीवर, पाण्यावर व जंगलावर वाचविले गेले, हा प्रश्न तिच्या हिशेबवहीत दुय्यम ठरतो. महाराष्ट्राच्या दृष्टीने या गोष्टीला एक ऐतिहासिक अर्थ आहे. या राज्यातील शेतकऱ्यांनी दीर्घ संघर्षातून ‘प्रकल्पग्रस्त’ हा हक्कवाचक शब्द कमावला होता. कार्बन व्यापाराने त्या जागी ‘हितसंबंधी’ हा सल्लामसलतीपुरता शब्द आणला. प्रस्तुत लेखात या स्थित्यंतराचा मागोवा घेतला आहे.

‘प्रकल्पग्रस्त’ या संज्ञेची जडणघडण

दूरच्या शहरासाठी वीज आणि त्यासाठी ग्रामीण भागातील जमीन, हे समीकरण महाराष्ट्रात नवे नाही. मुंबईच्या गिरण्यांना व शहराला वीज पुरविण्यासाठी टाटा कंपनीने सह्याद्रीत धरणे बांधण्यास विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात सुरुवात केली. मुळशी येथील धरणामुळे मावळातील सुमारे पन्नास गावे बाधित होणार होती. त्याविरुद्ध १९२१ मध्ये सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांच्या नेतृत्वाखालील हा लढा १९२४ पर्यंत चालला. धरण थांबले नाही. परंतु वीज ज्यांना मिळते आणि जमीन ज्यांची जाते ते लोक वेगळे असतात, ही गोष्ट सार्वजनिक चर्चेत प्रथमच इतक्या ठळकपणे आली.

स्वातंत्र्योत्तर काळात कोयनेच्या धरणाने हाच प्रश्न अधिक मोठ्या प्रमाणावर उभा केला. कोयनेच्या विस्थापितांचे पुनर्वसन अनेक दशके रेंगाळले. या व इतर धरणांच्या अनुभवातून, आणि धरणग्रस्तांच्या चळवळींच्या रेट्यामुळे, महाराष्ट्राने १९७६ मध्ये पुनर्वसनाचा स्वतंत्र कायदा केला. पुढे १९८६ व १९९९ चे अधिनियम आले. या कायद्यांची अंमलबजावणी अपुरी राहिली, हे मान्य करावे लागेल. तथापि त्यांच्यातील एक तत्त्व महत्त्वाचे आहे. ज्यांना धरणाच्या पाण्याचा लाभ होतो त्या लाभक्षेत्रातील जमिनीचा काही भाग संपादित करून तो धरणग्रस्तांना द्यावा, असे ते तत्त्व होय. लाभ घेणारा आणि झीज सोसणारा यांच्यात कायद्याने एक दुवा निर्माण केला. लाभक्षेत्र व बुडीतक्षेत्र हे दोन्ही शब्द मराठी ग्रामीण जीवनात रूढ झाले, ते यामुळेच.

२००६ चा वनहक्क कायदा हा याच परंपरेतील पुढचा टप्पा म्हणता येईल. त्यानंतर केंद्रीय पर्यावरण व वन मंत्रालयाने ३ ऑगस्ट २००९ रोजी काढलेल्या परिपत्रकानुसार, वनजमीन अन्य कामासाठी वळविण्यापूर्वी वनहक्कांची प्रक्रिया पूर्ण होणे आणि संबंधित ग्रामसभांची संमती असणे आवश्यक ठरविण्यात आले. कार्बन व्यापार भारतात रुजला तो नेमका याच काळात. त्यामुळे दोन भिन्न तत्त्वे एकाच भूमीवर समोरासमोर आली.

क्योटो ते दिल्ली : बाजाराची उभारणी

हवामान न्यायाचा मुद्दा भारतातून फार लवकर मांडला गेला होता. अनिल अगरवाल आणि सुनीता नारायण यांनी १९९१ मध्येच असे दाखवून दिले की, श्रीमंत देशांतील चैनीचे उत्सर्जन आणि गरीब देशांतील भातशेती वा गुराढोरांपासून होणारे उत्सर्जन एकाच मापाने मोजणे अन्यायाचे आहे. प्रत्येक माणसाचा वातावरणावर समान हक्क आहे, ही त्यांच्या प्रतिपादनाची दिशा होती.

डिसेंबर १९९७ च्या क्योटो करारात विकसित देशांवर उत्सर्जन कपातीचे बंधन आले. परंतु ती कपात स्वदेशातच करण्याची सक्ती राहिली नाही. ‘स्वच्छ विकास यंत्रणा’ या नावाने अशी सोय करण्यात आली की, विकसनशील देशातील एखाद्या प्रकल्पामुळे जे उत्सर्जन टळले, त्याचे प्रमाणपत्र विकत घेऊन विकसित देशाने ते आपल्या खात्यात जमा करावे. एक टन कार्बन डायऑक्साइड टळला की एक क्रेडिट, असा हा हिशेब. या यंत्रणेचे तपशीलवार नियम २००१ मध्ये माराकेश येथे ठरले. भारताने डिसेंबर २००३ मध्ये यासाठी राष्ट्रीय प्राधिकरण स्थापन केले. क्योटो करार १६ फेब्रुवारी २००५ पासून अंमलात आला, आणि युरोपीय संघाचा उत्सर्जन बाजार त्याच वर्षी सुरू झाल्याने या क्रेडिटना गिऱ्हाईक मिळाले.

बाजार उभा राहत असतानाच त्याला विरोधही झाला होता. ऑक्टोबर २००२ मध्ये दिल्लीत आंतरराष्ट्रीय हवामान परिषद भरली असताना शेतकरी, मच्छीमार, वननिवासी व त्यांच्या संघटनांनी तेथेच हवामान न्यायासाठी समांतर मेळावा घेतला आणि बाजाराच्या तत्त्वावर आधारलेले उपाय नाकारणारा जाहीरनामा प्रसिद्ध केला. ऑक्टोबर २००४ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील दरबान येथे जमलेल्या संघटनांनीही कार्बन व्यापाराविरुद्ध अशीच भूमिका घेतली. वातावरण ही सर्वांची सामाईक गोष्ट असून, ज्यांनी ती सर्वाधिक दूषित केली त्यांनाच तिच्या वाटपात मालकी दिली जात आहे, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता.

यंत्रणेचे अर्थकारण समजण्यासाठी एक साधा हिशेब पुरेसा आहे. एक मेगावॅट क्षमतेची पवनचक्की वर्षभरात सरासरी २० टक्के क्षमतेने चालली तर सुमारे १७ लाख ५२ हजार युनिट वीज निर्माण होते. कोळशाधिष्ठित वीजजाळ्यात प्रति युनिट ०.९ किलो उत्सर्जन गृहीत धरले, तर वर्षाला सुमारे १,५७७ टन उत्सर्जन टळले असे मानून तेवढी क्रेडिट मिळतात. दर टनास दहा युरो भाव असेल तर हे उत्पन्न १५,७७० युरो होते. या हिशेबात वाऱ्याचा वेग आहे, वीजजाळ्याचा उत्सर्जनांक आहे, बाजारभावही आहे. चक्की ज्या माळावर उभी आहे तो माळ कोणाचा, तेथे पूर्वी कोणाची गुरे चरत होती, हे मात्र या समीकरणात कोठेही येत नाही.

स्थानिकांसाठी यंत्रणेत तरतूद नव्हती असे नाही. प्रकल्पाने स्थानिक ‘हितसंबंधीं’शी सल्लामसलत करून तिचा गोषवारा प्रकल्प अहवालात द्यावा, तो अहवाल तीस दिवस संकेतस्थळावर अभिप्रायासाठी ठेवावा आणि राष्ट्रीय प्राधिकरणाने सामाजिक, आर्थिक, पर्यावरणीय व तांत्रिक अशा चार निकषांवर शाश्वत विकासाची खात्री करून घ्यावी, असे नियम होते. परंतु अहवाल इंग्रजीत, अभिप्राय संकेतस्थळावर आणि मुदत तीस दिवसांची, अशा स्थितीत साक्रीच्या अथवा पाटणच्या डोंगरावरील शेतकऱ्याने त्यात सहभागी व्हावे ही अपेक्षा कागदावरच राहणारी होती. शिवाय सल्ला म्हणजे संमती नव्हे. विरोध नोंदला गेला तरी प्रकल्प अडण्याचे बंधन नव्हते.

पवनचक्क्यांचा प्रदेश

महाराष्ट्रात या यंत्रणेखाली नोंदल्या गेलेल्या प्रकल्पांत पवनऊर्जेचा वाटा लक्षणीय होता. सातारा जिल्ह्यातील वनकुसवडेचे पठार आणि धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्याचा ब्राह्मणवेल परिसर ही त्याची प्रमुख केंद्रे. विशेष म्हणजे यातील गुंतवणूक केवळ कार्बन क्रेडिटमुळे झाली असे म्हणता येत नाही. पवनचक्कीच्या किमतीवर पहिल्याच वर्षी ८० टक्के घसारा दाखवून करसवलत घेण्याची मुभा त्या काळात होती, आणि वीजनिर्मितीशी एरवी संबंध नसलेल्या अनेक उद्योगसमूहांनी या सवलतीसाठी चक्क्या उभारल्या. जो प्रकल्प क्रेडिटशिवायही झाला असता त्याला क्रेडिट देता येत नाही, हे या यंत्रणेचे पायाभूत तत्त्व. करसवलतीवर उभ्या राहिलेल्या चक्क्यांना क्रेडिट मिळत असतील तर युरोपातील खरेदीदाराला वाढीव उत्सर्जनाची मुभा मिळते आणि वातावरणाला बदल्यात काहीच मिळत नाही.

साताऱ्याच्या पठारावरील जमिनी मध्यस्थांमार्फत खरेदी झाल्या. २००३-०४ च्या अवर्षणात सातारा-सांगली भागात पवनचक्क्या ढग पळवून लावतात असा समज पसरला होता. या समजाला शास्त्रीय आधार नव्हता. तथापि त्याकडे केवळ अज्ञान म्हणून पाहणे इतिहासाच्या अभ्यासकाला परवडणारे नाही. आपल्याच डोंगरावर परक्यांची यंत्रे उभी आहेत, त्यांतून निघणारा पैसा व वीज दुसरीकडे जाते, आणि आपल्या वाट्याला दुष्काळ तेवढा उरतो, हा अनुभव त्या समजुतीच्या मुळाशी होता. याच भागात डॉ. भारत पाटणकर यांच्या नेतृत्वाखालील श्रमिक मुक्ती दलाने पवनचक्कीग्रस्तांचा प्रश्न धरणग्रस्तांच्या प्रश्नाशी जोडून मांडला. वारा हे सामाईक साधन असेल तर त्याच्या उत्पन्नात गावाचा वाटा असला पाहिजे, ही त्यामागील धारणा लाभक्षेत्राच्या तत्त्वाचाच विस्तार होती.

साक्री तालुक्यातील प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होता. तेथे सुझलॉन कंपनीच्या पवनऊर्जा प्रकल्पासाठी शेकडो हेक्टर वनजमीन वळविण्यात आली. यांतील काही जमिनी आदिवासी कुटुंबे पूर्वीपासून कसत असून त्यांचे हक्क अद्याप निश्चित व्हायचे आहेत, असे सत्यशोधक ग्रामीण कष्टकरी सभेचे म्हणणे होते, आणि त्यासाठी तिने आंदोलन केले. वनहक्क कायद्याची अंमलबजावणी १ जानेवारी २००८ पासून सुरू झाली. म्हणजे दावे दाखल होण्याचा आणि चक्क्या उभ्या राहण्याचा काळ जवळजवळ एकच होता. एका खात्यात आदिवासी हा हक्कदार ठरत होता, तर दुसऱ्या खात्यात तोच केवळ सल्ल्यापुरता हितसंबंधी होता.

‘स्वच्छ’ या विशेषणामुळे किती तपासण्या टळतात, हे पुणे जिल्ह्यातील आंध्रा जलाशयाजवळच्या पवनऊर्जा प्रकल्पातून दिसते. आंध्रा हा जलाशय मुळशीप्रमाणेच टाटांच्या जुन्या जलविद्युत योजनेचा भाग. त्याच्या परिसरात, भीमाशंकर अभयारण्याला लागून असलेल्या सदाहरित जंगलात, एनरकॉन कंपनीच्या प्रकल्पाला वनजमीन देण्यात आली. २००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेतून पवनऊर्जा वगळलेली असल्याने तसे मूल्यांकन झाले नाही. डॉ. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट तज्ज्ञ समितीने २०११ च्या अहवालात या प्रकल्पाची दखल घेतली. शेकरूचा अधिवास असलेल्या या जंगलाबाबत स्थानिक वनाधिकाऱ्याने दिलेला प्रतिकूल अभिप्राय वरिष्ठ पातळीवर डावलला गेला, निकृष्ट रस्त्यांमुळे डोंगर खचून राडारोडा शेतांत व जलाशयांत उतरला, आणि स्थानिकांना डोंगरावर जाण्यास बेकायदा अटकाव झाला, असे समितीने नमूद केले. मुळशीच्या सत्याग्रहानंतर सुमारे नव्वद वर्षांनी, त्याच मावळात, विजेसाठी पुन्हा तेच घडले. फरक एवढाच की या वेळी प्रकल्पाला पर्यावरणरक्षणाचे नाव होते.

बाजाराची परीक्षा

एखादी व्यवस्था न्याय्य नसली तरी परिणामकारक असू शकते, असा युक्तिवाद केला जातो. कार्बन व्यापाराला तोही आधार पुरेसा मिळत नाही. भारतातील या यंत्रणेचे आरंभीचे मोठे लाभार्थी गुजरात व राजस्थानातील शीतवायू बनविणारे कारखाने होते. या उत्पादनात एचएफसी-२३ हा उपवायू निर्माण होतो. त्याचा एक टन जाळला की ११,७०० क्रेडिट मिळत. जाळण्याचा खर्च अल्प आणि उत्पन्न प्रचंड, त्यामुळे कचरा हाच मुख्य माल होऊन बसला. युरोपीय संघाने मे २०१३ पासून या प्रकारची क्रेडिट स्वीकारणे बंद केले. जर्मनीतील ओको संस्थेने २०१६ मध्ये केलेल्या अभ्यासात, तपासलेल्या प्रकल्पांपैकी ८५ टक्के प्रकल्पांनी खरोखर अतिरिक्त कपात केली असण्याची शक्यता कमी असल्याचा निष्कर्ष निघाला.

बाजारभावाचे काय झाले तेही उद्बोधक आहे. २००८ मध्ये एका क्रेडिटचा भाव वीस युरोंच्या वर गेला होता. २०१२ च्या अखेरीस तो अर्ध्या युरोच्याही खाली आला. या घसरणीचा फटका केवळ कंपन्यांना बसला नाही. यंत्रणेतील दोन टक्के क्रेडिट हवामानबदलाची झळ बसणाऱ्या समुदायांसाठीच्या अनुकूलन निधीला मिळत असत. वरील उदाहरणातील पवनचक्कीच्या १,५७७ पैकी सुमारे ३२ क्रेडिट या वाट्याची. भाव कोसळला तसे त्यांचे मोलही कोसळले. दुष्काळ किंवा पूर सोसणाऱ्यांचे साहाय्य युरोपातील बाजाराच्या चढउतारावर अवलंबून ठेवण्यात आले होते, एवढाच याचा अर्थ.

विदर्भ आणि नवी योजना

विदर्भात या प्रश्नाचे रूप वेगळे आहे. येथे वारा नव्हे तर कोळसा हे मुख्य वास्तव. चंद्रपूर येथील २,९२० मेगावॅट, मौदा येथील २,३२० मेगावॅट, खापरखेडा येथील १,३४० मेगावॅट, तिरोडा येथील ३,३०० मेगावॅट, शिवाय कोराडी आणि बुटीबोरी, अशी औष्णिक केंद्रांची दाटी या भागात आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००९ च्या निर्देशांकात चंद्रपूर ८३.८८ गुणांसह देशात चौथ्या क्रमांकाचे प्रदूषित औद्योगिक क्षेत्र ठरले होते. जुलै २०२२ मध्ये कोराडी केंद्राचा खसाळा येथील राखेचा बंधारा फुटून राख शेतांत व नदीत पसरली. अशा घटनांची टनांत मोजणी होत नाही, कारण राख हा हरितगृह वायू नव्हे.

देशांतर्गत कार्बन बाजाराची पायाभरणी ऊर्जा संवर्धन कायद्यातील २०२२ च्या दुरुस्तीने झाली आणि २८ जून २०२३ रोजी कार्बन क्रेडिट व्यापार योजना अधिसूचित झाली. तिच्या अनिवार्य भागासाठी ॲल्युमिनियम, सिमेंट, लोह-पोलाद, वस्त्रोद्योग, खते, कागद आदी क्षेत्रे आरंभी निवडण्यात आली. कोळशावरील वीजनिर्मिती त्यांत घेतली गेली नाही. विदर्भातील उत्सर्जनाचा सर्वांत मोठा स्रोत अशा रीतीने योजनेच्या आरंभीच्या कक्षेबाहेर राहिला. शिवाय उद्दिष्टे एकूण उत्सर्जनाची नसून उत्पादनाच्या दर टनामागील उत्सर्जनाची आहेत. चंद्रपूर परिसरातील एखाद्या सिमेंट कारखान्याने दर टनामागे उत्सर्जन कमी करून उत्पादन वाढविले, तर तो क्रेडिट विकण्यास पात्र ठरेल आणि त्याच वेळी परिसरातील एकूण भार वाढलेलाही असेल. बुटीबोरीचा प्रकल्प २०१९ मध्ये बंद पडला तेव्हा तेथील उत्सर्जन थांबले. पण ते हवामान धोरणामुळे नव्हे, तर व्यवहार फिसकटल्यामुळे. टनांच्या भाषेत हे दोन्ही एकच दिसतात.

योजनेच्या ऐच्छिक भागात वनीकरणालाही स्थान मिळू लागले आहे. २०२५ मध्ये मान्य झालेल्या पद्धतींत खारफुटीच्या लागवडीचा समावेश आहे. जंगल हे क्रेडिटचे साधन होणार असेल तर त्या जंगलाविषयी निर्णय कोणी घ्यावा, हा प्रश्न पूर्व विदर्भासाठी कळीचा ठरतो. २०२२ च्या वनसंवर्धन नियमांनी केंद्राच्या मंजुरीपूर्वी ग्रामसभेच्या संमतीची खातरजमा करण्याची जबाबदारी राज्यांकडे सोपवून २००९ चे संरक्षण सैल केले, हे येथे लक्षात घ्यावे लागेल.

एक आक्षेप

या विवेचनावर असा आक्षेप घेता येईल की, कोळशाच्या तुलनेत पवनऊर्जा निश्चितच हितावह आहे, आणि हवामानबदलाची सर्वाधिक झळ गरिबांनाच बसत असल्याने उत्सर्जन कमी करणारा कोणताही मार्ग अंतिमतः त्यांच्या हिताचा आहे. आक्षेपाचा पूर्वार्ध मान्य करण्यासारखा आहे. बुटीबोरी किंवा कोराडीच्या रहिवाशाला चिमणीपेक्षा पवनचक्की शतपटींनी बरी वाटेल. परंतु क्रेडिटचा व्यवहार हा पवनचक्की आणि कोळसा यांतील निवड नसतो. साक्रीतील चक्कीचे क्रेडिट विकत घेणारा तेवढ्याच टनांचे उत्सर्जन अन्यत्र करण्याची मुभा घेत असतो. एका ठिकाणची चक्की दुसऱ्या ठिकाणच्या चिमणीचा परवाना होते. अशा वेळी दोन्ही ठिकाणच्या स्थानिकांना एकाच व्यवहाराची झीज सोसावी लागते. म्हणून पवनऊर्जेचा पुरस्कार आणि कार्बन व्यापाराची चिकित्सा यांत विसंगती नाही.

समारोप

महाराष्ट्राच्या इतिहासात विजेसाठी जमीन देणाऱ्यांनी मुळशीपासून एकच मागणी वेगवेगळ्या शब्दांत केली आहे : निर्णयात स्थान आणि लाभात वाटा. पुनर्वसन कायद्यांनी लाभक्षेत्राच्या तत्त्वातून आणि वनहक्क कायद्याने ग्रामसभेच्या अधिकारातून ती अंशतः मान्य केली. कार्बन व्यापारात लाभक्षेत्र समुद्रापार गेले, आणि त्याच्याशी बाधितांचा दुवा जोडणारा कोणताही कायदा उरला नाही. पॅरिस करारातील सहाव्या कलमाखालील नव्या यंत्रणेत अनुकूलनासाठीचा वाटा दोनवरून पाच टक्के झाला आहे. पण वाट्याची टक्केवारी वाढल्याने निर्णयाचा अधिकार मिळत नाही.

अन्य मार्ग अशक्य नाही, याचे उदाहरण विदर्भातच आहे. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ मध्ये ग्रामसभेने स्वतः बांबूची विक्री सुरू केली. तेथील जंगल टिकले ते कोणी क्रेडिट विकत घेतले म्हणून नव्हे, तर त्याविषयी निर्णय घेणारे लोक तेथेच राहत होते म्हणून. देशांतर्गत कार्बन बाजाराचे नियम अद्याप घडत आहेत. प्रकल्पाची कागदपत्रे गावाच्या भाषेत असणे, ग्रामसभेची पूर्वसंमती बंधनकारक असणे आणि क्रेडिटच्या उत्पन्नात गावाचा हक्काचा वाटा असणे, या तीन गोष्टी त्यांत आल्या नाहीत, तर ‘प्रकल्पग्रस्त’ या शब्दामागे असलेला शंभर वर्षांचा संघर्ष ‘हितसंबंधी’ या एका रकान्यात मिटून जाईल.